गणपती ते कोजागिरी : वाचनालयाच्या कार्यक्रमांबद्दल नेहमी येणारे प्रश्न

पाऊस ओसरायला लागला की वाचनालयाचा फोन वाजायला लागतो. भोंडला कधी आहे, दिवाळी अंकांची नावनोंदणी सुरू झाली का, व्याख्यानाला आईसाठी पुढची खुर्ची धराल का. देवघेवीच्या टेबलावरून तीच ती उत्तरं देताना मागे रांग खोळंबते, म्हणून ती इथे लिहून काढली आहेत. आमचं वाचनालय तालुक्याच्या गावचं, शासनमान्य आणि अनुदानित आहे. बरीचशी उत्तरं अशा कुठल्याही वाचनालयाला लागू पडतील. वर्गणी आणि वेळा मात्र आपापल्या गावच्या फलकावर पाहा.

१. कार्यक्रमाला यायचं तर सभासद असायलाच हवं का? तिकीट असतं का?

दोन्हींचं उत्तर नाही. व्याख्यान, अभिवाचन, भोंडला, ग्रंथप्रदर्शन सगळ्यांना खुलं आणि विनामूल्य असतं. वर्तमानपत्रांचा कक्षही तसाच खुला. वर्गणी लागते ती पुस्तक घरी न्यायला. "मी सभासद नाही, मागे उभं राहून ऐकलं तर चालेल का?" असं दरवर्षी कुणीतरी दारातून विचारतं. मागे उभे राहू नका, पुढच्या दोन रांगा पाहुण्यांच्या भीतीने रिकाम्याच असतात. दिवाळी अंकांचा हिशेब वेगळा आहे, तो प्रश्न १४ मध्ये.

२. तारखा दरवर्षी बदलतात. नेमकं कधी काय असतं?

आमचे कार्यक्रम दोन कॅलेंडरांवर चालतात, गोंधळ तिथून होतो. काही दिवस इंग्रजी तारखेला बांधलेले आहेत : ८ सप्टेंबर साक्षरता दिन, ३ ते ९ ऑक्टोबर अभिजात मराठी भाषा सप्ताह (केंद्राने मराठीला अभिजात दर्जा देण्याचा निर्णय ३ ऑक्टोबर २०२४ला घेतला, म्हणून ती तारीख) आणि १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन. बाकीचे तिथीवर चालतात : गणपतीतलं व्याख्यान, नवरात्रातला भोंडला, दसऱ्याचं सरस्वतीपूजन, कोजागिरीचं कविसंमेलन.

तिथी दरवर्षी साधारण अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारते. २०२५ला गणपती २७ ऑगस्टला बसले, २०२६ला अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबर. त्यामुळे २०२५चा वाचन प्रेरणा दिन दिवाळीच्या तोंडावर आला, २०२६चा नवरात्रात. गेल्या वर्षीच्या पत्रिकेवरून यंदाचा अंदाज बांधू नका.

३. १५ ऑक्टोबरला नक्की करायचं काय? फोटोला हार घालून झालं की संपतं का?

१५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांचा जन्मदिवस (जन्म १९३१). २०१५च्या जुलैत ते गेले आणि त्याच वर्षीपासून महाराष्ट्रात हा दिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो.

हार घालून संपतं ही तक्रार खरी आहे आणि ती आम्हालाही लागू होती. काही वर्षांपूर्वी आम्ही पाहुणे बोलावले, चार भाषणं झाली, शेवटी मुलांच्या हातात पुस्तकं देऊन फोटो काढला. फोटो छापून आल्यावर आमच्या शिपाईमामांनी दाखवलं : दुसऱ्या रांगेतल्या मुलाच्या हातातलं पुस्तक उलटं होतं. त्याची काहीच चूक नव्हती, त्याला ते उघडायला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून त्या दिवशी आमच्याकडे भाषण नाही. सकाळी अकरा ते बारा सगळ्यांनी बसून वाचायचं, कर्मचाऱ्यांनीसुद्धा. त्या तासात देवघेव बंद, फोन टेबलाच्या खणात. घरून पुस्तक आणलंत तरी चालतं, नसलं तर बालविभागाबाहेरच्या टेबलावर शंभरेक पुस्तकं पसरून ठेवलेली असतात. कोण काय वाचतंय ते विचारत नाही, स्वयंपाकाचं पुस्तक घेऊन बसलात तरी हरकत नाही. शेवटची दहा मिनिटं ज्याला हवं त्याने आपल्या पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा. पहिली दोन मिनिटं कुणी उठत नाही, मग थांबवावं लागतं.

४. शाळेचा अख्खा वर्ग घेऊन यायचं आहे. चालेल?

चालेल, पण आधी कळवा. एका वेळी चाळीस मुलं बसतात, एकेचाळिसावं मूल जिन्यात बसतं. १५ ऑक्टोबरच्या आसपास पहिल्या सत्राच्या परीक्षा असल्या तर आदल्या किंवा पुढच्या आठवड्यात या, तारखेचं सोवळं नाही. मुलांचे फोटो शाळेने काढायचे असतील तर पालकांची परवानगी शाळेनेच घ्यावी. आम्ही मुलांचे चेहरे फलकावर लावत नाही.

५. पितृपक्षात कार्यक्रम ठेवता का? आमच्या घरी तो पंधरवडा चांगला मानत नाहीत.

पुस्तक प्रकाशन त्या दिवसांत कुणी मागत नाही, लेखकही मागत नाहीत, त्यामुळे सभागृह रिकामं असतं. आम्ही ते अभिवाचनाला आणि वाचककट्ट्याला वापरतो. ज्यांना यायचं नाही त्यांनी नवरात्रात यावं.

खरं सांगायचं तर वर्षभरातल्या सगळ्यात जास्त पुस्तक-देणग्या याच पंधरवड्यात येतात. वडिलांच्या तिथीला त्यांचं कपाट मोकळं करणारी मुलं येतात. एकदा एक गृहस्थ दोन पिशव्या घेऊन आले, टेबलावर ठेवल्या आणि एक पुस्तक परत काढून घेतलं. त्याच्या शेवटच्या पानावर वडिलांनी किराणा लिहिला होता. असं काही सापडलं तर आम्ही फोन करतोच, पण देण्याआधी घरी एकदा पानं उलटून पाहा. नोटा, जन्मपत्रिका, पोस्टाच्या पावत्या, सगळं मिळालेलं आहे.

६. जुनी पुस्तकं सगळी घेता का? आणि करसवलतीची पावती मिळेल का?

सगळी घेत नाही. कसर लागलेली, पानं गळालेली, जुन्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं आणि मोफत वाटलेली प्रचारपुस्तकं नको. कसर लागलेलं एक पुस्तक फडताळात गेलं की शेजारची दहा जातात. घेतलेलं पुस्तक दाखल नोंदवहीत चढवून आत देणगीदाराचं नाव असलेली चिठ्ठी चिकटवतो. आमच्याकडे आधीच असलेलं पुस्तक आम्ही दुसऱ्या वाचनालयाला देतो, हे मान्य नसेल तर देतानाच सांगा.

करसवलत वस्तुरूप देणगीवर मिळत नाही, त्यामुळे पुस्तकांची पोच मिळेल, करसवलतीची पावती नाही. पैशांच्या रूपात देणार असाल तर दोन हजार रुपयांवरची रोख रक्कम सवलतीला चालत नाही. चेक किंवा ऑनलाइन द्या.

७. आम्ही कर भरतो, सरकार अनुदान देतं, मग कार्यक्रमांसाठी देणगी कशाला मागता?

प्रश्न रागाने येतो पण रास्त आहे. कर्नाटक, तमिळनाडू यांसारख्या राज्यांत मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर घेतला जातो. महाराष्ट्राच्या १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात तसा उपकर नाही. इथली बहुसंख्य वाचनालयं सरकारी नाहीत, लोकांनी स्थापन केलेल्या संस्था आहेत. शासन त्यांना मान्यता देतं, अ, ब, क, ड असे वर्ग ठरवतं आणि वर्गाप्रमाणे अनुदान देतं. ते हप्त्याने येतं आणि पगार, पुस्तक खरेदी, वीजबिल यांत जिरतं. वक्त्याचं प्रवासभाडं आणि कोजागिरीचं दूध त्यातून निघत नाही. जमाखर्च वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडला जातो, सभासदांनी येऊन जरूर विचारावं. दरवर्षी दहा-बारा जण येतात, त्यातले सात संचालक असतात.

८. भोंडला वाचनालयात? तिथे काय वाचायचं?

हा प्रश्न आला आणि आमच्या कार्यक्रमाची दिशा बदलली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी नावाचं. पुण्याकडे भोंडला, कोल्हापूर-सांगलीकडे हादगा, विदर्भ-खानदेशात भुलाबाई. हादगा हस्त नक्षत्राशी जोडलेला, म्हणून मधे हत्ती. भोंडला नवरात्रातला. भुलाबाई भाद्रपदाच्या पौर्णिमेला बसते ती आश्विन पौर्णिमेपर्यंत, चांगला महिनाभर. आमच्या गावात नोकरीनिमित्त तिन्हीकडची माणसं आहेत. पहिल्या वर्षी फेर धरला आणि तिसऱ्याच गाण्याला भांडण झालं. एकच गाणं, सासरची माणसं तीच, पण कडव्यांचा क्रम वेगळा, शेवट वेगळा, एकीच्या गाण्यात कारल्याचा वेल होता तिथे दुसरीच्या गाण्यात भलतंच काही. दोन्ही आज्या हटेनात.

दुसऱ्या वर्षी आम्ही सांगितलं, येताना गाण्यांची वही घेऊन या. मग निघाल्या वह्या. शाळेच्या, दुरेघी, हिशेबाच्या, एक तर १९७१ सालच्या डायरीत लिहिलेली. ज्यांच्याकडे वही नव्हती त्यांनी तोंडी सांगितलं आणि कॉलेजातल्या मुलींनी लिहून घेतलं. आता आमच्याकडे या वह्यांच्या छायाप्रतींच्या सहा फायली आहेत आणि प्रत्येक गाण्याखाली सांगणारीचं माहेरचं गाव लिहिलं आहे. माहेरचं, कारण गाणं तिथून आलेलं असतं. भोंडल्याच्या दिवशी त्या फायली टेबलावर असतात. तेव्हा तिथे काय वाचायचं, तर हे.

पाटावरचा हत्ती बालविभागातली मुलं रंगवतात. खिरापत मात्र आपापल्या घरून, डबा न उघडता आणायची. डबा वाजवून ओळखायची असल्याने पातळ पदार्थ आणला की सगळ्यांची पंचाईत होते.

९. भोंडल्याला पुरुष आणि मुलगे आले तर चालतात का?

बारा वर्षांखालचे मुलगे फेरात नेहमीच असतात. पुरुषांना मज्जाव नाही, लिहून घ्यायला हात कमी पडतात.

१०. दसऱ्याला वाचनालय बंद असतं का? पूजेतलं पुस्तक हवं असेल तर?

दसऱ्याला देवघेव बंद, पण सकाळी नऊ ते अकरा दार उघडं असतं. मुलं पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढतात. पाटी-पेन्सिल आम्ही देतो, कारण आता घरोघरी पाटी सापडत नाही.

पूजेत कोणती पुस्तकं मांडायची यावर पूर्वी कार्यकारिणीत वाद व्हायचे. आता नियम सोपा आहे : त्या वर्षी सगळ्यात जास्त वेळा बाहेर गेलेली पाच पुस्तकं मांडायची. परिणाम असा की एका वर्षी सरस्वतीपुढे सलग पाच रहस्यकथा होत्या आणि त्यांना हळदकुंकूही लागलं. हळदकुंकू कागदावर नको, वरच्या प्लॅस्टिकच्या वेष्टनावर वाहा. पूजेतलं पुस्तक दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतं.

११. व्याख्यान पत्रिकेवर सहाला असतं आणि सुरू सातला होतं. खरी वेळ सांगा.

आता सात लिहितो आणि सातला सुरू करतो. सहाची वेळ मुळातच चुकीची होती. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी असते, शेतावरून माणूस सातच्या आधी मोकळा होत नाही. शेवटची बस साडेनऊची, म्हणून प्रश्नोत्तरं धरून नऊला संपवतो. वक्त्यांनाही हे आधी सांगितलेलं असतं, तरी सव्वानऊला टेबलावर चिठ्ठी जाते.

पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केली आणि उन्हाळ्यात व्याख्यानं ऐकायची सवय तिकडे रुजली. आमच्या भागात उन्हाळ्यात लग्नं असतात, मांडव सोडून कुणी येत नाही. म्हणून आमची माला शरदात. जागा धरून ठेवत नाही. सत्तरीपुढच्यांसाठी आणि चाकाच्या खुर्चीसाठी डाव्या दाराजवळची रांग राखीव आहे, त्या दाराला पायरी नाही.

१२. परतीच्या पावसाने गाठलं तर?

गाठतोच. हा पाऊस दुपारपर्यंत कडक ऊन दाखवून संध्याकाळी गडगडाट करत येतो, नेमका कार्यक्रमाच्या वेळेला. अंगणातला कार्यक्रम असेल आणि चारनंतर आभाळ भरलं तर तो वाचनकक्षात हलवतो, रद्द करत नाही. वीज गेली तर ध्वनिक्षेपकाशिवाय चालतो. आमचं एक अख्खं कथाकथन कंदिलावर झालं आहे आणि लोक अजून त्याचीच आठवण काढतात. भिजलेलं पुस्तक परत आणलंत तर लपवू नका, लगेच सांगा. उन्हात वाळवू नका, बांधणी वाकडी होते. पानांमध्ये कोरा कागद घालून पंख्याखाली उभं ठेवायचं.

१३. कोजागिरीचं संमेलन दहाला का गुंडाळता? चंद्र तर तेव्हाच वर येतो.

गुंडाळत नाही, ध्वनिक्षेपक बंद करतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, पण ते दिवस शासन-प्रशासन ठरवतं आणि कोजागिरी त्यात असेलच असं नाही. चारी बाजूंनी बंद सभागृहाला ही बंदी लागू होत नाही. पण बंद सभागृहात कोजागिरी करण्यात काय अर्थ?

तेव्हा दहापर्यंत निमंत्रित कवी गच्चीवर ध्वनिक्षेपकावरून आणि दहानंतर ज्याला वाटेल त्याने नुसत्या आवाजात. गंमत म्हणजे दहानंतरच्या कविता बऱ्या असतात, कारण कवीला ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून म्हणावी लागते. एकाने दोनच कविता, हा नियम मोडणाऱ्याला दूध शेवटी मिळतं.

१४. दिवाळी अंकांची योजना कशी असते? सभासद असूनही वेगळे पैसे का?

दिवाळी अंकांची परंपरा काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'च्या १९०९च्या अंकापासून मोजली जाते. आज मराठीत दरवर्षी शेकड्यांनी अंक निघतात. एका घराला चार-पाचच्या पुढे परवडत नाहीत, म्हणून वाचनालयाची योजना. आम्ही पन्नासेक अंक घेतो, त्यांची किंमत वार्षिक पुस्तक खरेदीच्या पैशांतून काढली तर पुस्तकांना कात्री लागते. म्हणून वेगळी वर्गणी. सभासद नसलेल्यांनाही नाव नोंदवता येतं, त्यांच्याकडून परत मिळणारी अनामत घेतो.

नोंदणी घटस्थापनेला सुरू होते. एका वेळी दोन अंक, आठ दिवसांसाठी. सगळ्यांना तेच चार अंक आधी हवे असतात, म्हणून त्यांच्या वहीत क्रमाने नाव लागतं आणि ओळख, वशिला, "मी संचालकांचा मेव्हणा" यांचा उपयोग होत नाही. भविष्याची पानं फाडणाऱ्यांसाठी : तुमची रास कोणती हे आम्हाला कळतं. जे पान गायब असतं त्यावरून.

अंक वसुबारसेच्या आत आले नाहीत तर तो छापखान्याचा आणि वाहतुकीचा प्रश्न असतो. आले की त्याच संध्याकाळी टेबलावर मांडतो, तेव्हा गर्दी होते आणि शिक्का मारायला वेळ लागतो, दहा मिनिटं धीर धरा.

१५. आम्हाला अभिवाचन करायचं आहे. कुठलंही पुस्तक घेतलं तर चालतं का? सिनेमा दाखवता येईल का?

प्रकाशित पुस्तकातला माफक उतारा जाहीरपणे वाचायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मोकळीक आहे. अख्खी कादंबरी पाच दिवसांत वाचून काढायची असेल तर ती 'माफक' होत नाही, लेखकाला किंवा वारसांना एक पत्र लिहा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, ती साठ वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११च्या सुरुवातीपासून सर्वांना मुक्त. अनुवाद वाचणार असाल तर अनुवादकाचा हक्क वेगळा मोजा, इथे हमखास चूक होते.

सिनेमाला ही सवलत नाही. घरी पाहायला घेतलेली वर्गणी किंवा डीव्हीडी जाहीर खेळाला चालत नाही, प्रेक्षक फुकट आले तरी.

१६. आमच्या नगरसेवकांना किंवा आमदारांना अध्यक्ष म्हणून बोलावता येईल का?

एरवी येईल. आचारसंहिता असताना नाही. ही शंका याच ऋतूत का येते ते पाहा : विधानसभेचं मतदान २०१४ला १५ ऑक्टोबरला, म्हणजे नंतर जो वाचन प्रेरणा दिन झाला नेमक्या त्या तारखेला होतं. २०१९ला ते २१ ऑक्टोबरला होतं. २०२४ला निवडणूक जाहीर झाली तीच १५ ऑक्टोबरच्या दुपारी. ज्यांचा कार्यक्रम त्या संध्याकाळी होता त्यांची व्यासपीठावरची खुर्ची ऐन वेळी रिकामी राहिली. आमच्याकडे प्रश्न ३ मधल्या कारणामुळे खुर्चीच नव्हती.

१७. गोव्यात राहतो. तिथेही हेच नियम का?

नाही. गोव्याचा ग्रंथालय कायदा वेगळा, १९९३चा. पणजीचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय सरकारी आहे आणि त्याची सुरुवात १८३२ची, तेही सप्टेंबरातली. कार्यक्रमांच्या वेळा आणि सभागृहाचे नियम तिथेच विचारा.

१८. सभागृह आमच्या पुस्तकाच्या प्रकाशनाला मिळेल का? तिथे पुस्तकं विकता येतील का?

मिळेल, अर्ज एक महिना आधी द्या. घटस्थापना ते दसरा आणि दिवाळीआधीचा आठवडा सोडून. विक्रीचं टेबल व्हरांड्यात, आत नाही. एक प्रत वाचनालयाला द्यावी अशी विनंती असते, सक्ती नाही. ती प्रत सही करून देऊ नका असं मात्र आम्ही सांगतो. सही केलेली प्रत हटकून कुणीतरी नेतं आणि परत करत नाही.